दोन तासांची साखर

सिस्टरच्या हातात स्टीलचा पेला आहे आणि त्यात 75 ग्रॅम ग्लुकोज ढवळणं चाललंय. चमचा कडेला वाजतो तशी अंगणवाडीतली पोरं माना वळवतात. त्यांना वाटतं, आज आपल्याला काहीतरी गोड मिळणार. "तुमच्यासाठी नाही रे बाप्पा ते," म्हणत मदतनीस त्यांना पुन्हा खिचडीच्या ओळीत बसवते. पेला जातो दाराशी बसलेल्या एका मुलीकडे. मुलगीच म्हणायची. कार्डावर वय 20 लिहिलंय, चेहरा त्याहून कोवळा. सहावा महिना सरत आलाय, पहिलीच खेप.

"पाच-दहा मिनिटांत सगळं संपवायचं," सिस्टर सांगते. "अन् अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर आजचं सगळं वाया. उद्या पुन्हा यावं लागेल."

"लयच गोड आहे वो हे." पहिल्याच घोटाला तिचं तोंड वाकडं होतं.

"गोड तं राहीनच. साखर पाहाची आहे ना तुही," शेजारी बसलेली आशाताई म्हणते.

घड्याळात दहा वीस. बारा वीसला बोटाला टोचायचं. तोवर हिने कुठे जायचं नाही, काही खायचं नाही, भिंतीला पाठ लावून बसून राहायचं. सासू सोबत आली आहे. तिला हे दोन तास भलतेच जड जाणार असं दिसतंय, कारण दिवाळी आटोपली आहे, शिवारं पांढरी झालीत आणि बोरी अरबच्या रस्त्यावरून वेचणीच्या बाया भरून गाड्या सकाळीच निघून गेल्या आहेत. दारव्ह्याहून यवतमाळकडे जाताना अडाण नदीकाठी लागणारं हे गाव. या दिवसांत इथे कुणाला हाक मारावी तर उत्तर शेतातून येतं. "दोघीचा रोज पडला आज," सासू हवेलाच सांगते.

आज लसीकरणाचा दिवस आहे. कोपऱ्यात लशीचा डबा, टेबलावर वजनकाटा, बीपीचं यंत्र, लघवी तपासायच्या पट्ट्या, लाल गोळ्यांची पाकिटं. भिंतीवर अ अननसाचा. बायका येतात, चप्पल काढतात, आधी कार्ड पुढे करतात आणि मग बसतात. माता-बाल संरक्षण कार्ड असं त्याचं लांबलचक सरकारी नाव, पण इथे नुसतं 'कार्ड'. बाईचे नऊ महिने आणि लेकराची पहिली वर्षं त्यात मावतात. काहींनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलंय, काहींच्या कार्डावर तेलाचे डाग आहेत. एकीच्या कार्डात दहा रुपयांची नोट आणि एसटीचं तिकीट.

मुलीचं कार्ड मी मागून घेते. उंची 148 सेंटिमीटर. वजन 46 किलो, दिवस राहिले तेव्हा 42 होतं. हिमोग्लोबिन 8.6.

हा शेवटचा आकडा आशाताईला खटकलेला आहे. ती मुलीकडे सरकते आणि अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं विचारते, "गोळ्या घेतं ना वं?"

"घेतो ना."

"रोज?"

"रोज घेतो."

"संडास काळी होते का मंग?"

मुलगी पदराआड हसते. "नाही बाई. साधीच."

आशाताई माझ्याकडे बघते. काम झालं. लोहाची गोळी पोटात गेली की शौचाचा रंग काळपट होतो. तिला कुठला रिपोर्ट लागत नाही. गरोदरपणात रोज एक याप्रमाणे निदान 180 गोळ्या द्यायच्या, प्रत्येकीत 60 मिलिग्रॅम लोह, असं शासनाचं धोरण आहे. पाकिटं घरोघर पोचतातही. ती कोनाड्यात राहतात, धान्याच्या कोठीवर राहतात. महाराष्ट्रात 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जवळपास 46 टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. गरोदर नसलेल्या धरून सगळ्या बायकांचा हिशेब केला तर निम्म्याहून जास्त. म्हणजे पोटुशी होण्याआधीच टाकी अर्धी रिकामी असते. मग नऊ महिन्यांत ती भरायची कशी?

"मळमळते," मुलगी कबूल करते.

"चहासंग घेत असशीन."

"हो."

"चहासंग लागतच नाही ते आंगाले. रात्री जेवून घे, लिंबू पिळून. अन् कॅल्शियमची गोळी अलग टाइमाले. दोन्ही संग नाही."

आता सासूला राहवत नाही. "त्या लाल गोळ्यांनं लेकरू मोठं होते म्हणते वो. मंग जचकी अडते. फाडा लागते पोट."

खोलीतल्या दोघी-तिघी माना डोलावतात. शहरात बसून या समजुतीला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. ज्या पिढीने रात्री अडलेली बाई बैलगाडीत घालून नेली आणि वाटेत गमावली, तिने बाळ लहान असलेलंच बरं असं ठरवलं, त्यात अनुभव होता. पोटापुरतं खायचं, शेवटच्या महिन्यांत तर जरा कमीच, हे शहाणपण त्याच भीतीतून आलेलं. दवाखाना गाठायला आता गाडी येते, सिझर होतं, भीती मात्र जुन्याच जागी आहे. आणि बाळ लहान ठेवण्याची किंमत जचकीच्या दिवशी दिसत नाही. ती पुढे चाळीस वर्षांनी वसूल होते.

हे महाराष्ट्रातच, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत तपासलं गेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून त्या गावांतल्या बायकांची दिवस राहण्याआधीपासून नोंद ठेवली. शेतकरी घरच्या बारीक बायका, सरासरी वजन 42 किलोच्या आसपास. माझ्या समोर बसलेल्या मुलीचं सुरुवातीचं वजन तेवढंच, तेही तीस वर्षांनंतर. त्या बायकांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. इथवर नवल नाही. नवल निघालं ते बाळांच्या अंगाची मापं घेतल्यावर. आपलं बाळ स्नायूंनी कमी, पोटातल्या अवयवांनी कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळाइतकीच राखून असलेलं. वरून सुकलेलं, आतून चरबीचं. याज्ञिकांनी पुढे 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा जोडफोटो छापला. दोघांचा बीएमआय नेमका 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते त्या फोटोत दिसतं. पुण्याजवळच्या गावांतली ती मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली, तर मुलग्यांत 37 टक्के आणि मुलींत 18 टक्के जणांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्याकडे सरकलेली. ही काही पिझ्झा खाणारी, सोफ्यावर लोळणारी मुलं नव्हती. शेतावरची, सडपातळ मुलं.

पोटात असताना कमी मिळालं की गर्भ काटकसरीने वाढतो. मेंदू आधी, मग बाकीचं. इन्सुलिन तयार करणारं स्वादुपिंड आणि साखर जाळणारा स्नायू या काटकसरीत मागे पडतात. पुढे त्याच अंगावर भात, साखर, बिस्किटं आणि बैठी नोकरी आली की ते अंग पेलत नाही.

"झालं का पिऊन?" सिस्टर पेला उलटा करून बघते. झालं आहे. मुलीने कपाळावर हात ठेवलाय. "ओकारी आली तर सांग. पण येऊ देऊ नको," सिस्टर म्हणते आणि एका बाळाच्या मांडीत सुई टोचते. खोलीभर रडणं.

आशाताई तिच्या रजिस्टरात आकडे चढवते आहे. रेघा स्वतः पट्टीने मारलेल्या. कुणाचं बाळ किती किलोचं, तिसऱ्या दिवशी किती, सातव्या दिवशी किती. बाळंतिणीच्या घरी जाऊन, झोळीच्या काट्यावर बाळ तोलून ती हे लिहिते. हे घरी जाऊन बघणं विदर्भातच शिकून झालं, गडचिरोलीत, डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'मध्ये. तिथल्या गावांत नव्वदच्या दशकात साध्या बायकांनी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आणले, 1999 साली त्याचा निबंध आला आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात तो शिरला. रजिस्टर बघताना मला आणखी एक वही आठवते, इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरची. तिथल्या परिचारिका 1911 पासून घरोघर जाऊन बाळाचं जन्माचं वजन, वर्षाचं वजन, अंगावर पितं की बाटलीचं, अशा नोंदी करत. त्या वह्या पडून होत्या. 1980 च्या दशकात डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरला त्या मिळाल्या. त्याने ती बाळं, म्हणजे तोवर म्हातारे झालेले किंवा गेलेले पुरुष, शोधून काढले. जन्माला आणि वर्षाला वजनाने कमी भरलेले हृदयविकाराने जास्त मेले होते. 1989 साली हे छापून आलं तेव्हा बऱ्याच डॉक्टरांनी त्याला हसण्यावारी नेलं होतं. गर्भातल्या दिवसांचा म्हातारपणाच्या रोगाशी संबंध जोडणारं सगळं शास्त्र गावच्या नर्सबाईच्या अक्षरातून निघालेलं आहे. मी हे आशाताईला सांगते.

"मंग आमच्या वह्या कोणी पाहीन का चाळीस वर्षांनं?" ती विचारते.

उत्तर माझ्याकडे नाही. तीही थांबत नाही, कारण तिला मोबाइलमध्ये तेच सगळं दुसऱ्यांदा भरायचं आहे.

अकरा वाजून गेलेत. सिस्टर आता सिकलसेलचं विचारते आहे. विदर्भात रक्त कमी निघालं म्हणजे प्रत्येक वेळी भाजी कमी खाल्ली असंच नसतं. इथे सिकलसेलचे वाहक बरेच आहेत, म्हणून प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करायची असते. मुलीची झालेली आहे. नॉर्मल निघाली. शेजारी बसलेली दुसरी बाई मात्र वाहक आहे, दुसरा महिना.

"नवऱ्याची केली का तपासणी?"

"ते पुण्याले राहते. कंपनीत."

"फोन करून सांग, आला की आधी इथं पाठव. दोघं वाहक असले तर चारात एक लेकरू आजारी निघू शकते. दरवेळी. समजलं का?"

बाईला समजलं आहे. पण नवरा होळीला येणार आणि तोवर सहावा महिना लागलेला असणार. या खोलीत आत्ता पंधरा-वीस बायका असतील. पुरुष एकच, तोही बायकोला मोटारसायकलवर सोडायला आलेला, आणि तो बाहेर लिंबाखाली उभा आहे.

सासूची चुळबुळ वाढली आहे. ती उठते, दारापर्यंत जाते, परत येते. "आमच्या टाइमाले काही नव्हतं हे. साखर पाह्य, लघवी पाह्य. झाली ना पाच लेकरं."

"जगली किती, मावशी?" आशाताईला असं विचारायचा अधिकार आहे. ती याच गावची सून.

"तीन." सासू बसते. मग तिचं तीच सांगायला लागते. थोरल्याच्या वेळी आठव्या महिन्यात तोंड सुजलं, हातातल्या बांगड्या फसल्या, डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही लागलं असेल. मग झटके आले. जीप करून यवतमाळला नेली. "तीन दिवस मले शुद्धच नव्हती म्हणते. लेकरू एवढंसं." ती तळहात पसरून दाखवते. ते एवढंसं लेकरू म्हणजे या मुलीचा नवरा.

सिस्टरचा हात थांबतो. "अन् मग बीपी केव्हा पाहिला तुमचा?"

"तवाच पाहला असन त्याईनं."

"त्यानंतर?"

"त्याच्यानंतर कायले? बाळंत झाली, मोकळी झाली."

हे वाक्य मला दिवसभरात ऐकलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. बाळंत झाली, मोकळी झाली. फक्त सासूच असं म्हणते असं नाही. दवाखानाही तसंच वागतो. बाळ रडलं, वार पडली, टाके घातले, की बाई खात्यातून वजा. पुढचं कार्ड बाळाच्या लशींचं. गरोदरपणात रक्तदाब चढला, लघवीतून प्रथिनं गेली, झटके आले, की ते त्या नऊ महिन्यांचं संकट म्हणून लिहिलं जातं आणि टळलं की पुसलं जातं. खरं म्हणजे अशा बाईला पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरींच्या जवळपास दुप्पट असतो. अमेरिकेच्या हृदयविकार संघटनेने 2011 पासून बाईच्या हृदयाचा धोका मोजताना तिची बाळंतपणं विचारायला सांगितलं आहे. गरोदरपण म्हणजे बाईच्या रक्तवाहिन्यांची, स्वादुपिंडाची, मूत्रपिंडाची परीक्षा असते. रक्त वाढतं, हृदयाला जास्त ओढावं लागतं, वारेतून येणारे स्राव इन्सुलिनचा जोर कमी करतात. तेव्हा जे अवयव कमी पडले ते पन्नाशीत पुन्हा कमी पडण्याची शक्यता असते. वीस वर्षं आधी मिळालेली ही खबर. आपण ती ऐकून घेत नाही, कारण आपल्याला बाळ बघायचं असतं.

"इकडं या," सिस्टर सासूला खुर्चीवर बसवते. "माहं काय पाहता, तिचं पाहा," म्हणत सासू दंड मात्र पुढे करते. पट्टा फुगतो. यंत्र घूं घूं करतं. 168 वर 102. सिस्टर पाच मिनिटं थांबते, तिला पाणी देते, बोलू नका म्हणते आणि पुन्हा घेते. 164 वर 100.

"डोकं दुखते का?"

"डोकं तं दुखतेच. उन्हात राहते माणूस."

तिशीनंतर प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर बघायचा सरकारी कार्यक्रम आहे, फॉर्म आहे, तो भरायला आशाच आहे. ती दोनदा सासूच्या घरी गेली, दोन्ही वेळा सासू शेतात. फॉर्म राहिला. दोष कुणाला द्यावा हे मला ठरवता येत नाही. ज्या बाईच्या कार्डावर पंचवीस वर्षांपूर्वी झटके लिहिले गेले असतील तिच्या घरी तिसऱ्यांदा जायला हवं होतं, हे कळायला ते कार्ड कुठेतरी असायला हवं. तेव्हाचं कार्ड आज कुठे आहे? तिलाच माहीत नाही.

मुलगी हे सगळं ऐकत भिंतीला टेकून आहे. भूक लागली असणार. मी तिला विचारते, वेचणीला जाते का? "जातो ना. परवापर्यंत जात होतो." कशी वेचते ते ती दाखवते. लुगड्याचा जुना धडपा कमरेला बांधून पोटापुढे ओटी करायची, दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करायची आणि कापूस ओटीत टाकत पुढे सरकायचं. ओटी भरत जाते तशी पुढे लोंबते. सहा महिन्यांचं पोट आणि त्याच्यावर कापसाची ओटी. मजुरी किलोवर, म्हणून मध्ये बसणं परवडत नाही. "आता वझं लागते खाली," ती म्हणते, "म्हणून लवकर रिकामी करतो."

पुण्याजवळच्या त्याच गावांच्या अभ्यासात हेही निघालं होतं. गरोदरपणात ज्या बायका जास्त कष्टाची कामं करत होत्या, पाणी भरणं, शेतातली कामं, त्यांची बाळं वजनाने कमी भरली. आणि ज्यांच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, दूध, फळं अधिक वेळा होती त्यांची जास्त. भाकरीचा आकार दोघींचा तोच असला तरी. आहार म्हटला की आपण पोट भरलं का ते विचारतो, पालेभाजी होती का ते नाही. इथे अंबाडी आहे, चवळाई आहे, शेवगा तर बांधाबांधावर. पण भाजी खुडायला, निवडायला, शिजवायला जो वेळ लागतो तो वेचणीच्या दिवसांत कुणाच्या हातात नसतो. तुरीचं वरण आणि भाकर डब्यात जाते, भाजी घरी राहते. आणि फवारलेल्या शेतातून आणलेल्या भाजीची धास्ती वेगळी. 2017 साली या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर गरोदर सुनेला फवारणीच्या दिवशी शेतात नेऊ नका, हे आशाताई न चुकता सांगते. काही जण ऐकतात.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या गटाने 2006 पासून एक सरळ प्रयोग केला. दिवस राहण्याआधीपासूनच बायकांना रोज एक खाऊ द्यायचा. समोसा, टिक्की, असलंच काही, पण आत पालेभाजी, फळ, दुधाची पावडर. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा खाऊ, आत बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्या. पहिल्या गटात गरोदरपणातला मधुमेह 7.3 टक्के, दुसऱ्यात 12.4. बाळाच्या वजनात फारसा फरक पडला नाही. थोडाफार पडला तो दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांत. म्हणून या अंगणवाडीत सहाव्या महिन्यात सुरू होणाऱ्या उपदेशाबद्दल माझा उत्साह बेताचाच आहे. हिरवी भाजी या मुलीला तिच्या दहावीच्या वर्षी मिळायला हवी होती, आणि तिच्या आईला ही पोटात असताना. आत्ता जे होतंय ते उशिरा आहे. तरी करायला हवं.

बारा वीस. सिस्टर स्वतःच्या मोबाइलवर वेळ बघते, बोट पुसते, टोचते. पट्टीवर थेंब. खोलीतल्या सगळ्या आता त्या छोट्या यंत्राकडे बघताहेत, लशीवालं बाळ सोडून. पाच सेकंद मागे मोजत जातात.

156.

दोन तासांनी 140 किंवा त्याहून जास्त असेल तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा. मुलीला आकडा कळत नाही, सिस्टरच्या भुवया कळतात. "शुगर निघाली का वो?" तिचा आवाज बारीक होतो. "एवढं गोड पाजलं तं निघनच ना," सासू म्हणते. सगळ्या हसतात. सिस्टरही हसते आणि मग खुर्ची पुढे ओढून शांतपणे समजावते. तेच पाणी इतर बायका पितात आणि दोन तासांत त्यांची साखर खाली येते, हिची आली नाही. घाबरायचं काही नाही. साखर, गूळ, बिस्किटं बंद. भात थोडा. भाकर चालेल, वरण चालेल, दही, अंडं, भाजी पोटभर. एकदम जेवायचं नाही, थोडंथोडं पाच वेळा. जेवल्यावर चालायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू, नाही उतरली तर औषध. पण आधी परवा दारव्ह्याच्या डॉक्टरांना दाखवायचं. बीपीही दर खेपेला बघायचा.

"अन् उपाशी राहाचं नाही," आशाताई बजावते. "शुगर निघाली म्हणून खाणं बंद करशीन तं लेकरू सुकन." इकडे रक्त कमी, अंग बारीक, म्हणून खा. तिकडे साखर जास्त, म्हणून सांभाळून खा. एकाच मुलीच्या एकाच कार्डावर दोन्ही. मधुमेह लठ्ठ, शहरी, पैसेवाल्या बायकांचा, ही समजूत इथे या खोलीत टिकत नाही.

"जचकी झाली की जाते ना मंग?" मुलगी विचारते.

"बहुतेक जाते." सिस्टर क्षणभर थांबते. "पण तुला लक्ष ठेवावं लागेल. दीड महिन्यानं पुन्हा हेच पाणी प्यायचं. मग दरवर्षी एकदा." गरोदरपणात साखर निघालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरींच्या सातपट असते. बाळालाही मोठेपणी वजनाचा आणि साखरेचा त्रास होण्याचा संभव वाढतो. अंगावर पाजलं तर दोघांचाही धोका काहीसा उतरतो. हे सगळं सिस्टर आत्ता सांगत नाही. बरंच करते. वीस वर्षांच्या पोरीला एका दुपारी किती सांगणार?

पण त्या दीड महिन्यावर मी अडते. कारण तो योग फार सोयीचा आहे. सवा महिना झाला की बाळंतीण घराबाहेर निघते, आणि दीड महिन्याचं बाळ लशीसाठी इथेच आणलं जातं. बाळाचं इंजेक्शन सहसा चुकत नाही, साऱ्या घराला ते पाठ असतं. त्याच दिवशी, याच दारात, बाळाच्या आईलाही पेला द्यायचा, एवढंच. वेगळी चक्कर नको, वेगळा रोज पाडायला नको. सिस्टरला हे पटलेलं आहे, ती कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिते: दीड महिना, आईची शुगर.

"पण मी तं माहेरी राहीन तवा," मुलगी म्हणते.

पहिली खेप माहेरी, हे आलंच. आणि माहेर मानोऱ्याकडे, म्हणजे तालुका वेगळा, जिल्हा वाशीम, सिस्टर वेगळी, रजिस्टर वेगळं. सातव्यात ओटी भरून ती जाईल आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परत येईल. लाल पेनाची ओळ तिथे कोण वाचणार? आशाताई मोबाइल काढते. "तुह्या गावची आशा कोण आहे? नंबर आहे का तुह्या आईजवळ?" मुलगी आईला फोन लावते. पलीकडे आई वेचणीत आहे, वाऱ्याचा आवाज येतो, ती ओरडून आकडे सांगते, आशाताई तळहातावर लिहून घेते. एक आकडा कमी पडतो. पुन्हा फोन.

तोवर सिस्टर सासूकडे वळली आहे. परवा सुनेसोबत दारव्ह्याला तुम्हीही चला, डॉक्टरांना बीपी दाखवा, गोळी सुरू करावी लागेल.

"अन् कापूस कोण वेचन?"

"एसटीले अर्धं तिकीट आहे आपल्याले. दोघी मिळून एकाच तिकिटात जाऊन येता," आशाताई म्हणते. "परवा नाही गेल्या तं मी घरी येतो पाहाले. शेतात येतो."

सासू सुनेकडे बघते, बीपीच्या यंत्राकडे बघते. मग पदर खोचते. "ये मंग शेतात. दोन किलो वेचून दे जाशीन."

आशाताई रजिस्टराचं नवं पान उघडून सासूचं नाव घालते. "वय सांगा, मावशी."

"लिही पन्नास."

"मांगच्या मतदार यादीच्या टाइमाले पंचेचाळीस सांगितलं होतं तुमी."

"मंग दोन्हीच्या मंधातलं लिही," सासू म्हणते आणि सुनेची चप्पल शोधायला वाकते.